सतरा अक्षरांएवढा अवकाश

हिसाये यामामोतो यांची ‘सेव्हन्टीन सिलेबल्स’ ही कथा १९४९ साली ‘पार्टिझन रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील स्थलांतरितांचे साहित्य शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांत ती आज बहुधा असतेच. कॅलिफोर्नियातील एका टोमॅटोच्या शेतावर राबणारे जपानी कुटुंब, रोझी ही किशोरवयीन मुलगी, आणि तिची आई तोमे हायाशी. दिवसभर ही आई स्वयंपाक करते, कपडे धुते, नवऱ्याबरोबर आणि मजुरांबरोबर टोमॅटो तोडते. रात्रीची भांडी आवरली की ती ‘उमे हानाझोनो’ होते. या टोपणनावाने ती जपानी वर्तमानपत्राकडे हायकू पाठवते. एका स्पर्धेत तिला पहिले पारितोषिक मिळते. संपादक हिरोशिगेचे एक चित्र बक्षीस म्हणून घेऊन स्वतः शेतावर येतात. दिवस ऐन तोडणीचा असतो आणि उन्हात माल खराब होत असतो. आई मात्र पाहुण्यांना घरात नेऊन चहा देते आणि कवितेविषयी बोलत बसते. बाहेर ताटकळलेला नवरा संतापतो, चित्र अंगणात आणून कुऱ्हाडीने फोडतो आणि रॉकेल ओतून जाळतो. उमे हानाझोनोचे काव्यजीवन तिथे संपते. ते जेमतेम तीन महिन्यांचे होते.

या कथेवर विपुल लिहिले गेले आहे. नवऱ्याची हिंसा, आईचे पूर्वायुष्य, मुलीचे उमलते प्रेम, या सर्वांची चर्चा झाली आहे. आम्हांला इथे एक साधा आणि कथेच्या बाहेरचा प्रश्न विचारायचा आहे. अशा बायकांचे पुढे काय झाले? ज्यांचे चित्र जळले किंवा ज्यांनी कधी पारितोषिकाइतकी मजलच मारली नाही, त्या साठीला, सत्तरीला पोचल्यावर लिहू लागल्या का? इतिहासात याचे उत्तर सापडते. मात्र ते शोधताना ‘उशिरा फुललेली प्रतिभा’ हा आपल्या सर्वांच्या आवडीचा वाक्प्रचार थोडा बाजूला ठेवावा लागतो. उशीर आपोआप होत नाही. तो कोणीतरी करवलेला असतो, आणि कोणी करवला हे सांगितल्याखेरीज उतारवयातील निर्मितीचे कौतुक अपुरे राहते.

उशीर कसा घडला

अमेरिकेत जन्माने जपानी असलेल्या पहिल्या पिढीला ‘इस्सेई’ म्हणतात आणि त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना ‘निसेई’. अमेरिका आणि जपान यांच्यात १९०७-०८ साली झालेल्या समझोत्यानुसार नव्या मजुरांना येण्यास बंदी झाली, पण आधीच तिथे असलेल्यांच्या बायकांना येता येई. या वाटेने हजारो तरुणी आल्या. त्यांच्यापैकी पुष्कळजणींचे लग्न केवळ छायाचित्रांच्या देवघेवीवर ठरले होते आणि नवरा प्रथम दिसला तो बंदरावर. १९२० साली जपान सरकारने अशा वधूंना पारपत्र देणे थांबवले, आणि १९२४ च्या अमेरिकन कायद्याने जपानी स्थलांतराचे दार जवळजवळ पूर्ण बंद केले.

या बायका निरक्षर नव्हत्या, ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मेइजी राजवटीने १८७२ सालीच सार्वत्रिक शिक्षणाचे धोरण जाहीर केले होते आणि १९०७ साली सक्तीचे शिक्षण सहा वर्षांचे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमधील बहुसंख्य मुली शाळेत जात होत्या. म्हणजे अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या या विशीतल्या मुलीकडे लिपी होती, शाळेत पाठ केलेल्या कविता होत्या, आणि कित्येकींकडे त्याहून अधिक शिकण्याची इच्छा होती. नव्हता तो वेळ.

हा वेळ कोणी घेतला? पहिले उत्तर कायदा. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या जमीन कायद्याने, ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परकीयांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली. १९२२ साली ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जपानी माणूस गोरा नसल्यामुळे त्याला नागरिक होता येणार नाही. परिणामी इस्सेई कुटुंबे अल्पमुदतीच्या खंडावर जमीन कसत राहिली. ‘सेव्हन्टीन सिलेबल्स’मधला बाप टोमॅटोच्या पेट्यांसाठी इतका अगतिक का होतो, हे या कायद्यांच्या प्रकाशात वाचले म्हणजे उमगते. त्याच्या कृत्याचे समर्थन त्यातून होत नाही; पण बायकोचा वेळ हिरावणारा हा नवरा स्वतःही एका मोठ्या यंत्रणेच्या दावणीला बांधलेला आहे, हे दिसते.

दुसरे उत्तर घर. शेतावरची स्त्री पुरुषाइतकेच शेतात राबे, आणि शिवाय सगळे घरकाम करी. शहरातली स्त्री परक्यांच्या घरी मोलकरीण म्हणून जाई, किंवा धुलाईच्या दुकानात, खाणावळीत कष्ट करी. एव्हलिन नाकानो ग्लेन यांनी १९८६ सालच्या ‘इस्सेई, निसेई, वॉर ब्राइड’ या ग्रंथात अशा घरकामगार स्त्रियांच्या तीन पिढ्यांचा अभ्यास केला आहे. तिसरे उत्तर भाषेचे आहे. त्याकडे आम्ही शेवटी वळू.

लहान रूपाचे कारण

एवढ्या वेळात काय लिहिता येते? कादंबरी नक्कीच नाही. पाच, सात, पाच अशा सतरा ध्वनिघटकांचा हायकू लिहिता येतो. पाच, सात, पाच, सात, सात अशा एकतीस घटकांचा तान्का लिहिता येतो. हायकूच्याच मापाचा, पण ऋतूऐवजी माणसाच्या वागण्याकडे मिश्कीलपणे पाहणारा सेन्र्यू लिहिता येतो. टोमॅटोच्या दोन ओळींमधून जाताना हे शब्द मनात जुळवता येतात, बोटांवर मोजता येतात आणि रात्री कागदावर उतरवता येतात.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. त्यांच्यामुळे आपल्या मनात हायकूची प्रतिमा आहे ती क्षण टिपणाऱ्या एकाग्र, निवांत दृष्टीची. इस्सेई स्त्रियांचा हायकू वाचताना या प्रतिमेला थोडी मुरड घालावी लागते. इथे लघुता ही सौंदर्यदृष्टी तर आहेच, शिवाय ती दिवसाच्या वेळापत्रकातून आलेली सक्तीही आहे. जात्यावरच्या ओवीची आठवण इथे होणे स्वाभाविक आहे. मात्र ओवी हाताच्या लयीतच जन्मते आणि गळ्यातून गळ्यात जाते, तर हा हायकू कामाच्या आडोशाने मनात जपून ठेवायचा, लिहून काढायचा आणि टपालाने पाठवायचा असतो. त्याला कागद, टपाल आणि संपादक लागतो.

ही व्यवस्था अमेरिकेतल्या जपानी वर्तमानपत्रांनी पुरवली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १८९९ पासून ‘निचिबेई शिम्बून’ निघत होते, लॉस एंजेलिसमध्ये १९०३ साली ‘राफू शिम्पो’ सुरू झाले. अशा पत्रांच्या वाङ्मयीन स्तंभांत शेतकरी, दुकानदार, धोबी आणि त्यांच्या बायका यांच्या कविता छापल्या जात. गावोगाव काव्यमंडळे होती. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन आणि फ्रेझ्नो इथल्या मंडळांतून मुक्त शैलीचा हायकू लिहिला जात असे. या मंडळांत स्त्रीला स्वतःचे असे एक नाव घेता येई. ‘अमक्याची बायको’, ‘अमक्याची आई’ ही ओळख बाजूला ठेवून एक टोपणनाव, एक फूल किंवा एक ऋतू धारण करता येई. यामामोतोंच्या कथेत रोझीला वाटते की आपल्या घरात आता दोन बायका राहतात. टोपणनावाची ताकद ती हीच.

काटेरी तारांमागची फुरसत

या इतिहासातले सर्वांत अवघड पान १९४२ सालचे आहे. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला, आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांच्यापैकी दोन-तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. प्रथम घोड्यांच्या शर्यतींची मैदाने, तिथले तबेले. मग वाळवंटात आणि दलदलीत उभारलेल्या दहा छावण्या. पर्ल हार्बरनंतरच्या आठवड्यांत कितीतरी घरांतून जपानी पुस्तके, पत्रे आणि वह्या जाळल्या गेल्या, कारण जपानी अक्षर हाच पुरावा मानला जाईल अशी भीती होती. तात्पुरत्या छावण्यांमध्ये बायबल, प्रार्थनापुस्तके आणि शब्दकोश यांसारखे अपवाद वगळता जपानी छापील मजकुराला बंदी होती. तोमे हायाशीचे चित्र एका नवऱ्याने जाळले. या वह्या भीतीने जाळल्या.

आणि तरीही, छावणीत गेलेल्या इस्सेई स्त्रियांच्या आठवणी नोंदवणाऱ्या अभ्यासकांना एक गोष्ट वारंवार आढळली. वीस-पंचवीस वर्षांत प्रथमच या बायकांना रिकामा वेळ मिळाला होता. जेवण सामायिक भोजनगृहात मिळे. शेत नव्हते, खंड नव्हता, गिऱ्हाईक नव्हते. बहुतेकजणी चाळिशी-पन्नाशीत होत्या. त्या वर्गांना जाऊ लागल्या: सुलेखन, पुष्परचना, शिवण, इंग्रजी, हायकू, तान्का. यूटा राज्यातील टोपाझ छावणीत चित्रकार चिउरा ओबाता यांच्या पुढाकाराने कलाशाळा चालू झाली. टोपाझ आणि ट्यूल लेक या दोन्ही छावण्या आटलेल्या सरोवरांच्या जागी होत्या. तिथल्या मातीतून बारीक शिंपले वेचून, धुऊन, रंगवून बायकांनी फुलांच्या आकाराचे दागिने केले. पोस्टन, हार्ट माउंटन, ट्यूल लेक इथून जपानी भाषेतील वाङ्मयीन मासिके निघाली. ट्यूल लेकच्या मासिकाचे नाव होते ‘तेस्साकू’, म्हणजे लोखंडी कुंपण.

हे सांगताना लेखणी जपून चालवावी लागते. ‘बंदिवासाने त्यांना कलावंत केले’ हे वाक्य फार सोपे आहे आणि फार अन्यायकारकही. याच छावण्यांनी कुटुंबे एका खोलीत कोंबली, एकत्र जेवणारी घरे विस्कटली, आयुष्यभराची मिळकत संपवली. चार दशकांनंतर, १९८८ साली, अमेरिकन सरकारने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. बहुतेक इस्सेई तोवर जग सोडून गेले होते. छावणीतल्या फुरसतीवरून एवढेच सिद्ध होते की फुरसत मिळताच या बायकांनी काय केले. त्यांच्यात इच्छा नव्हती किंवा कुवत नव्हती, म्हणून त्या आधी गप्प होत्या, असे यापुढे कोणाला म्हणता येणार नाही. पण ज्या समाजात श्रमिक स्त्रीला रिकामी दुपार मिळण्यासाठी तिला कैद व्हावे लागते, त्या समाजाविषयीचा निष्कर्ष त्या दुपारच्या कवितांपेक्षा कठोर असतो.

या काळातला मुक्तशैली हायकू आपल्यापर्यंत पोचला तो व्हायोलेट काझुए दे क्रिस्टोफोरो यांच्यामुळे. स्वतः हवाईत जन्मलेल्या, जपानमध्ये शिकलेल्या आणि छावणीत राहिलेल्या या कवयित्रीने साथीदारांच्या विखुरलेल्या कविता जमवल्या, त्यांचे भाषांतर केले आणि ‘मे स्काय’ हा संग्रह १९९७ साली प्रसिद्ध केला. तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. उतारवयातील निर्मिती म्हणजे केवळ स्वतःची कविता लिहिणे नव्हे. इतरांची जपणे, हीसुद्धा निर्मितीच आहे.

तीन म्हाताऱ्या

युद्धानंतर इस्सेई स्त्रिया पुन्हा कामाला लागल्या. शेत गेले होते, म्हणून अनेकींनी घरकाम किंवा शिवणकाम पत्करले. १९५२ च्या कायद्याने त्यांना प्रथमच नागरिक होण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने जमीन कायदा घटनाबाह्य ठरवला. मुले मोठी झाली होती. देशाने दार उघडले तेव्हा वय साठीकडे झुकले होते. या टप्प्यावरच्या तीन स्त्रियांकडे पाहू.

शिझुए इवात्सुकी १८९७ साली जन्मल्या आणि तरुणपणी ओरेगन राज्यातील हूड रिव्हर या सफरचंद-नासपतीच्या बागांच्या खोऱ्यात आल्या. हे तेच गाव, जिथे १९४४ साली माजी सैनिकांच्या स्थानिक शाखेने गावच्या सन्मानफलकावरून सोळा निसेई सैनिकांची नावे खोडून टाकली. इवात्सुकी याच गावच्या रहिवासी आणि तान्का लिहिणाऱ्या. जपानच्या राजवाड्यात दर नववर्षी सम्राटांसमोर काव्यवाचन होते, त्यासाठी हजारो लोक कविता पाठवतात आणि मोजक्याच निवडल्या जातात. १९७४ साली इवात्सुकी यांची कविता निवडली गेली. त्यांचे वय सत्त्याहत्तरच्या घरात होते. बत्तीस वर्षांपूर्वी याच सम्राटाशी निष्ठा असल्याच्या निव्वळ संशयावरून त्यांच्या समाजाला घरातून उठवले गेले होते. पुढे १९९० साली पोर्टलंड शहरात नदीकाठी उभारलेल्या स्मारकाच्या शिळांवर त्यांच्याही ओळी कोरल्या गेल्या.

तोमोए ताना यांचा जन्म १९१३ चा. एका बौद्ध धर्मोपदेशकाची पत्नी, मुलांची आई, आणि कॅलिफोर्नियातील पालो आल्टो इथे दुसऱ्यांच्या घरी काम करणारी बाई. राजवाड्यातील त्याच काव्यसमारंभासाठी त्यांची कविता १९४९ साली निवडली गेली होती. ल्युसिल निक्सन या शिक्षिकेच्या घरी त्या काम करीत, आणि निक्सन त्यांच्याकडून तान्का शिकल्या. १९५७ साली निक्सन यांची निवड झाली. जपानी वंशाबाहेरच्या व्यक्तीची ती पहिलीच निवड. मालकीण शिष्या आणि मोलकरीण गुरू, अशी ही जोडी. दोघींनी मिळून अमेरिकेतील जपानी तान्काकारांचा अनुवादित संग्रह सिद्ध केला, तो १९६३ साली ‘साउंड्स फ्रॉम द अननोन’ या नावाने आला. पतीच्या निधनानंतर ताना यांनी त्यांच्या बंदिवासातील रोजनिशीचे खंड प्रकाशित केले. आणि १९८५ साली, बहात्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सॅन होजे इथल्या विद्यापीठात अमेरिकेतील तान्काच्या इतिहासावर प्रबंध लिहून एम. ए. पदवी मिळवली. साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात एक विशेष गोष्ट जाणवावी. कोणी आपला इतिहास लिहील याची वाट पाहण्यात आयुष्य सरले, तेव्हा कवयित्रीने स्वतःच संशोधक व्हायचे ठरवले.

तिसऱ्या हिसाको हिबी चित्रकार होत्या. १९०७ साली जन्म, १९२० साली अमेरिकेत आगमन, सॅन फ्रान्सिस्कोत कलाशिक्षण, चित्रकाराशी लग्न, दोन मुले, मग टोपाझची छावणी. युद्ध संपल्यावर कुटुंब न्यूयॉर्कला गेले आणि १९४७ साली पती वारले. त्यांनी कपडे शिवून मुले वाढवली, सवड काढून चित्रकला शिकणे चालू ठेवले, १९५४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला परतून पुन्हा घरकाम केले. त्यांची उत्तरायुष्यातली चित्रे अधिकाधिक हलकी, पारदर्शी आणि अमूर्त होत गेली. १९९१ साली त्या वारल्या. ‘पीसफुल पेंटर’ हे आत्मकथन मुलीच्या संपादनाखाली २००४ साली निघाले, आणि २०२४ पासून त्यांच्यासह तीन जपानी-अमेरिकन चित्रकार स्त्रियांचे प्रदर्शन अमेरिकेतील संग्रहालयांतून फिरू लागले.

या तिघींना ‘उशिरा फुललेल्या’ या एकाच शब्दात कोंबता येत नाही. हिबी उशिरा सुरू झाल्या नव्हत्या. त्यांना पुन्हा पुन्हा थांबवले गेले आणि त्यांच्याकडे पाहणारे उशिरा आले. ताना यांनी तारुण्यातच कविता लिहिली. उशीर झाला तो विद्यापीठाच्या पायरीला. इवात्सुकी यांची कविता त्यांच्या मंडळाला परिचित होती. उशिरा पोचली ती मंडळाबाहेर. सुरुवातीला झालेला उशीर, शिक्षणाला झालेला उशीर आणि वाचकाला झालेला उशीर यांची कारणे वेगळी आहेत. समीक्षेने त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा.

आईची भाषा, मुलीची कथा

आता भाषेकडे. ‘सेव्हन्टीन सिलेबल्स’च्या आरंभी आई आपला नवा हायकू मुलीला ऐकवते, आणि रोझी तो समजल्याचे ढोंग करते. तिचे जपानी शाळेपुरते आहे. मनात इंग्रजी आहे. आमच्या मते कुऱ्हाडीच्या घावाइतकाच हा प्रसंग निर्णायक आहे. बाप चित्र जाळतो. पण चित्र जाळले नसते, तरी या घरात कवितेला वाचक नव्हताच. इस्सेई कवयित्रीने साठीनंतर वही उघडली, तेव्हा नवरा बहुधा गेला होता, शेत गेले होते, वेळ होता. आणि नातवंडांना ती लिपी येत नव्हती.

त्यामुळे एक विलक्षण परिस्थिती उद्भवली आहे. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला इस्सेई आईची कविता ठाऊक आहे ती प्रामुख्याने निसेई मुलीच्या कथेतून, म्हणजे ती कविता न समजलेल्या मुलीच्या साक्षीने. यामामोतोंच्या कथेचे मोठेपण असे की तिला हे पुरते ठाऊक आहे. आईची कविता आपण सांगू शकतो असा दावा ती करत नाही. ती कविता आपल्या हातून कशी निसटली, एवढेच सांगते. आपण मात्र ती कथा शिकवून थांबतो आणि आईपर्यंत पोचल्याचे समाधान मानतो. वास्तविक आईच्या वह्या, मंडळांची सायक्लोस्टाइल केलेली मासिके, वर्तमानपत्रांचे पिवळे पडलेले स्तंभ हे सर्व अजून आहे, आणि ते जपानीत आहे.

मराठीच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. उत्तर अमेरिकेतील ‘एकता’सारखी नियतकालिके आणि महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिका यांतही मराठी स्त्रियांनी लिहिले आहे. त्यांची परिस्थिती इस्सेई स्त्रियांहून निराळी आहे. त्या दुसऱ्या काळात आणि बहुतेक शिक्षित मध्यमवर्गातून गेल्या, त्यांच्यामागे छावणी नव्हती. पण देवनागरी न वाचणारी नातवंडे दोन्हीकडे आहेत. आपल्या वाङ्मयेतिहासात या लेखनाला कुठले पान आहे, हे एकदा तपासून पाहावे.

मराठीत ‘अवकाश’ या शब्दाला जागा असाही अर्थ आहे आणि सवड असाही. ‘अजून अवकाश आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा वेळ उरला आहे, असे सुचवतो. इस्सेई स्त्रियांना हे सर्व अर्थ एकाच वेळी नाकारले गेले होते: जमीन नाही, सवड नाही, आणि ‘अजून वेळ आहे’ असे सांगणारे कोणी नाही. सतरा अक्षरांएवढा अवकाश त्यांनी स्वतः तयार केला आणि तो पुढे वाढवला. त्यांच्यापुरते ते काम पुरे झाले आहे. आता उशीर होतो आहे तो वाचकाकडून.